न संपणारी बेरीज

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. त्या नावाने ही परीक्षा आता होत नाही. पण आमच्या घरात ‘मॅट्रिक झाला’ या शब्दांना जो मान आहे तो ‘दहावी पास’ला नाही, म्हणून मीही तेच म्हणतो. पुढे कॉलेजचे तोंड पाहण्याचा योग आला नाही. चारदोन कादंबऱ्या लिहिल्या, त्या कोणीतरी छापल्या, आणि एका लहानशा शाळेत खालच्या वर्गांना मराठी शिकवण्याचे काम मिळाले. एवढ्यावर बरे चालले आहे. गणिताशी माझा संबंध म्हणजे किराण्याची यादी आणि महिनाअखेरची हजेरी. तेव्हा मी गणितावर काही लिहीत आहे हे पाहून माझे जुने वर्गमित्र पोट धरून हसतील. हसोत बिचारे! दिवाळीचे दिवस आहेत.

गोष्ट गेल्या वर्षीची. दिवाळीच्या सुटीला आठ दिवस राहिले होते. गणिताचे सर रजेवर होते आणि नववीच्या वर्गावर मला बदली तासाला पाठवले होते. सुटीच्या तोंडावर बदली तास घेणे म्हणजे उतू जाणाऱ्या दुधावर फुंकर मारीत बसणे. धडा काढा म्हणावे तर मुलांनी पुस्तके आणलेली नसतात, आणि गप्प बसा म्हणावे तर आपल्यालाच ते जमत नाही. म्हणून मी एक कोडे घातले.

त्या कोड्यातला वाडा आमचाच होता. कुंडलिका नदीने आमच्या गावाचे दोन भाग केले आहेत. पलीकडे नवा जालना, तिकडे व्यापार आणि पेठ. अलीकडे जुना जालना, तिकडे आनंदीस्वामींचे मंदिर, गल्ल्या आणि आमच्यासारखे लोक. ‘जालना सोन्याचा पाळणा’ अशी म्हण आहे. तो पाळणा बहुधा नदीपलीकडेच हलत असावा. आमच्याकडे आला तो वाडा, आणि वाड्याबरोबर वाटणी.

मी मुलांना सांगितले, “एका माणसाचा एक वाडा होता. त्याने थोरल्या मुलाला निम्मा दिला. उरला त्यातला निम्मा दुसऱ्याला. उरला त्यातला निम्मा तिसऱ्याला. असे त्याला अगणित मुलगे होते. सगळ्यांच्या वाट्यांची बेरीज किती?” फळ्यावर लिहिले: १/२ + १/४ + १/८ + १/१६, आणि पुढे टिंबे. मुले रमली. दहाव्या मुलाला एक हजार चोविसावा हिस्सा मिळतो. तेवढ्या जागेत त्याने चूल मांडावी की उभे राहावे, यावर मोठा वाद झाला. शेवटी मी उकल सांगितली. कोणत्याही घटकेला थांबा, शेवटच्या मुलाला जेवढे दिले तेवढेच शिल्लक असते. ती शिल्लक आपण म्हणू तेवढी लहान करता येते. बेरीज एकाच्या पुढे कधी जात नाही आणि एकाच्या हवी तेवढी जवळ येते. म्हणून गणिती म्हणतात, या न संपणाऱ्या बेरजेचे उत्तर एक. सगळा वाडा वाटला गेला.

मी खडू ठेवून हात झटकले. तेवढ्यात खिडकीजवळच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली.

“सर, निम्म्याचं निम्मं नाही करायचं. नुसतं एक, मग एक-द्वितीयांश, मग एक-तृतीयांश, एक-चतुर्थांश, असं घेत गेलं तर?”

मी मागेपुढे न पाहता म्हणालो, “तुकडे लहान लहान होत जातात की नाही? शेवटी शून्याशी जातात की नाही? मग बेरीजही कुठेतरी थांबणारच.”

“पण सर, माझी अकरा पदांत तीनच्या पुढे गेली.” तिने वही पुढे केली. दशांश चिन्हे एकाखाली एक नीट मांडलेली होती.

“जाईल, जाईल. पुढे दम लागेल तिला. आपली कुंडलिका उन्हाळ्यात आटते तशी तुझी बेरीजही आटेल. बस खाली.”

वर्ग हसला. वर्ग हसला की मास्तराला आपण बरोबर असल्यासारखे वाटते. हा आमच्या धंद्यातला जुना रोग आहे. मुलगी खाली बसली. तिने खोडरबर काढले आणि ती सगळी बेरीज वरपासून खालपर्यंत पुसून टाकली. मी ते पाहिले. घंटा झाली म्हणून बरे वाटले.

वाड्याच्या दारालगतच्या खोलीत आमचे आबा राहतात. आबा म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे काका. नव्वदी ओलांडली आहे, पण कान आणि डोके शाबूत. त्यांची सुरुवातीची शाळा निजामाच्या राज्यातली, म्हणजे उर्दूतली. हैदराबादेत १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाने विज्ञान आणि गणितसुद्धा उर्दूतून शिकवायचे ठरवले आणि त्यासाठी भाषांतराचे एक खातेच उभे केले; त्या काळातले शब्द आबांच्या जिभेवर अजून आहेत. १९४८च्या सप्टेंबरात संस्थान भारतात आले तेव्हा ते शाळकरी होते. पुढे ते गणित घेऊन पदवीधर झाले आणि जन्मभर मास्तरकी केली. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात गेला, १९६० साली महाराष्ट्र झाला, १९८१ साली जालना जिल्हा झाला. आबा म्हणतात, “मी कुठं गेलो नाही रे, पत्ताच माझ्यावरून बदलत गेला.”

संध्याकाळी चहा घेता घेता मी त्यांना वर्गातली गंमत सांगितली. त्यांनी ती गंमत म्हणून ऐकली नाही.

“मुलीनं विचारलं ते लामुतनाही सिलसिल्याचं,” ते म्हणाले. “अनंत श्रेढी. मग तू काय सांगितलंस?”

मी सांगितले.

“चुकलास.”

असे म्हणून त्यांनी कोनाड्यातला चिंचोक्यांचा डबा मागितला. लहानपणी सारीपाटाला लागत, तेच चिंचोके. त्यांनी आधी एक चिंचोका बाजूला ठेवला. “हा पहिला रुपया. हा दुसरा, आठ आणे. हे दोन राहू देत. आता पुढले दोन घे, एक-तृतीयांश आणि एक-चतुर्थांश. दोघांतला लहान कोण?”

“पाव.”

“म्हणजे दोघं मिळून निदान दोन पाव, म्हणजे आठ आणे तरी आणतातच. त्यापुढले चार घे, पाचव्यापासून आठव्यापर्यंत. सगळ्यांत लहान एक-अष्टमांश. असे चार. पुन्हा आठ आणे. त्यापुढले आठ घे, नवव्यापासून सोळाव्यापर्यंत. सगळ्यांत लहान सोळावा हिस्सा. असे आठ. पुन्हा आठ आणे.” चिंचोक्यांचे घोळके फरशीवर वाढत चालले होते. “दर घोळका निदान आठ आणे आणतो. दोन घोळक्यांचा रुपया. आणि घोळके तर संपत नाहीत. बोल, तुला किती रुपये हवेत?”

मी फरशीकडे पाहत राहिलो. इतकी सोपी गोष्ट! पावकी-निमकी म्हणणाऱ्या पोरालाही कळावी अशी. आबांनी सांगितले की, ही युक्ती फ्रान्समधल्या ओरेम नावाच्या पंडिताने १३५०च्या सुमारास लिहून ठेवली आहे. ही बेरीज मुंगीच्या पावलाने चालते. दहाचा आकडा ओलांडायला तिला १२,३६७ पदे लागतात. वीस ओलांडायला २७ कोटी २४ लाख ६०० पदे. पण ती थांबत नाही. लाख म्हणा, कोटी म्हणा, ती एक दिवस त्याच्या पलीकडे गेलेली असते. आणि मी तिला म्हणालो होतो, दम लागेल!

“आबा, पण पदं तर शून्याकडे जातात ना?”

“जायलाच हवीत. ती पहिली अट. जात नसली तर पुढं विचारसुद्धा करू नकोस, बेरीज ठरायची नाही. पण अट पुरी झाली म्हणजे काम झालं असं नव्हे. तू मॅट्रिकला बसलास तेव्हा फॉर्म भरला होतास ना? फॉर्म भरल्याशिवाय पास होता येत नाही. पण फॉर्म भरला म्हणजे पास झाला, असं म्हणणारा माणूस मी आज पहिल्यांदा पाहतोय.”

त्या रात्री आबांनी मला शिकवणी दिली. चाळिशी उलटल्यावर मी प्रथमच अशा बेरजांच्या कसोट्या शिकलो. जी बेरीज ठरावीक आकड्याशी येऊन स्थिरावते ती अभिसारी, आणि जी स्थिरावत नाही ती अपसारी. मराठीच्या मास्तराला या शब्दांनी गुदगुल्या झाल्या. संस्कृत काव्यातली अभिसारिका ठरल्या संकेतस्थळी जायला निघते. ही श्रेढीही तशीच. मात्र हिचे पाऊल दर वेळी लहान होत जाते आणि प्रत्यक्ष भेट कधीच होत नाही. काव्य म्हणून हे काही वाईट नाही.

कसोट्यांतली एक तुलनेची. आपली बेरीज कळत नसेल तर शेजारी पाहावे. एखाद्या स्थिरावणाऱ्या बेरजेच्या प्रत्येक पदापेक्षा आपले पद लहान असेल, तर आपलीही बेरीज स्थिरावते. पळत सुटलेल्या बेरजेच्या प्रत्येक पदापेक्षा मोठे असेल, तर आपलीही पळणार. पदे मात्र सगळी अधिक चिन्हाची हवीत. आबांचे चिंचोके म्हणजे हीच कसोटी: शेजारी आठ-आठ आण्यांची रांग, आणि मुलीचे घोळके तिच्याहून जड.

दुसरी गुणोत्तराची. पुढच्या पदाला मागच्या पदाने भागायचे आणि पुढे पुढे तो भागाकार कशाजवळ जातो ते पाहायचे. एकाहून लहान आकड्याजवळ गेला तर बेरीज स्थिरावते, एकाहून मोठ्याजवळ गेला तर हाताबाहेर जाते. आमच्या वाड्याच्या वाटणीत तो नेहमी निम्मा, म्हणून काम झटपट झाले. फ्रान्सच्या कोशी नावाच्या गणितज्ञाने १८२१ साली आपल्या पाठ्यपुस्तकात अशा कसोट्या नीट बसवून दिल्या.

“आणि भागाकार बरोबर एकाजवळच गेला तर?” मी विचारले.

“तर कसोटी गप्प बसते. ती काही सांगत नाही.”

मुलीच्या बेरजेत हेच होते: एक-द्वितीयांश, दोन-तृतीयांश, तीन-चतुर्थांश, पुढे नव्व्याण्णव-शतांश. भागाकार एकाकडेच जातो. छेदांचे वर्ग केले, म्हणजे १ + १/४ + १/९ + १/१६ असे घेतले, तरी भागाकार एकाकडेच जातो. पण ही बेरीज दोनच्या आतच राहते. सुमारे १.६४५ हे तिचे उत्तर ऑयलर नावाच्या गणितज्ञाने अठराव्या शतकात शोधले. दोघी कसोटीपुढे सारख्याच चेहऱ्याने उभ्या राहतात. एक घरात राहणारी, एक जग ओलांडणारी. चेहरा पाहून सांगता येत नाही. प्रत्येकीची वेगळी चौकशी करावी लागते. वर्गात मी ती चौकशीच केली नव्हती.

“हे सगळं तिकडच्याच लोकांचं का?” मी जरा खट्टू होऊन विचारले.

आबा हसले. “चाळीसगावजवळ पाटणला गेला आहेस का? तिथं १२०७चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या नातवानं, चांगदेवानं, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, त्याची हकीकत त्यात आहे.” भास्कराचार्यांची ‘लीलावती’ ११५०ची, आणि तिच्यात श्रेढ्यांचे एक प्रकरणच आहे. एक दाता पहिल्या दिवशी दोन कवड्या देतो आणि रोज दुप्पट देत जातो; महिन्याभरात किती दिले? उत्तर २,१४,७४,८३,६४६ कवड्या. दात्याने आधी श्रेढी शिकायला हवी होती! पण न संपणारी बेरीज घट्ट पकडली ती केरळातल्या मंडळींनी. चौदाव्या शतकातल्या माधवापासून ती परंपरा सुरू झाली. त्याच परंपरेतल्या नीलकंठ सोमयाजींनी १/४ + १/१६ + १/६४ या न संपणाऱ्या बेरजेचे उत्तर १/३ येते हे दाखवले.

“हे तुला वाड्यावर दाखवतो,” आबा म्हणाले. “आम्ही तिघे भाऊ. वाड्याचे चार सारखे भाग केले. तिघांनी एकेक घेतला, चौथा उरला. त्याचे पुन्हा चार केले, पुन्हा एकेक घेतला. असंच करीत गेलो. प्रत्येकाला किती मिळालं? पाव, अधिक पावाचा पाव, अधिक त्याचा पाव. आणि उरलं काही? नाही. तिघांना सारखं मिळालं. मग प्रत्येकाला किती?”

“एक-तृतीयांश.”

“झालं नीलकंठाचं उत्तर.” मग थोडा वेळ थांबून म्हणाले, “खरी वाटणी इतकी सरळ झाली नाही, ते सोड.”

ते सोडणे मला जमले नाही. कारण वाटणी पुढे आमच्याही पिढीत झाली. मी आणि माझे थोरले बंधू, ज्यांना मी दादा म्हणतो, यांच्यामध्ये आता एक भिंत आहे. अंगणाच्या मधोमध. भिंतीच्या जागेवरून जे बोलणे झाले ते इथे लिहीत नाही. दोष कोणाचा हे ठरवण्याची कसोटीही अशीच गप्प बसणारी. भिंत उठली त्या वर्षी दिवाळीला वहिनींनी भिंतीवरून फराळाचे भरलेले ताट पाठवले. आमच्याकडूनही गेले. पुढच्या वर्षी ताटाची ताटली झाली. २०१२-१३च्या दुष्काळात घाणेवाडीचा तलाव आटला, गाव टँकरकडे डोळे लावून बसले, तेव्हा त्याच भिंतीवरून दोन्हीकडच्या घागरी मुकाट्याने जात-येत होत्या. पाऊस पडला आणि तेही थांबले. फराळाचे मात्र चालू राहिले, पण दर वर्षी थोडे कमी. ताटलीची वाटी झाली. वाटीत चार चकल्या होत्या त्या दोन झाल्या. त्याच्या आदल्या वर्षी तर एकच करंजी आली होती, वर कागद झाकून. मी मनाशी हिशेब करून ठेवला होता की, हे आटत चालले आहे, एक दिवस शून्य होईल आणि प्रकरण मिटेल. नदी आटते तसे.

अंथरुणावर पडलो तेव्हा आबांचे शब्द आठवत राहिले. पद शून्याकडे जाते एवढ्यावरून बेरीज सांगता येत नाही. इतक्या वर्षांत भिंतीवरून आले ते सगळे एकत्र ठेवले तर केवढे होईल, याचा हिशेब मी कधी केलाच नव्हता. मी दर वर्षी फक्त शेवटचे पद पाहत होतो.

दुसऱ्या दिवशी मी मधल्या सुटीनंतर नववीच्या वर्गात गेलो. तास माझा नव्हता. पाच मिनिटे मागून घेतली. “काल मी तुम्हाला एक गोष्ट चुकीची सांगितली,” असे म्हणताना माझा घसा कोरडा पडला होता. मुलांना मास्तर चुकलेला आवडतो, पण त्याने ते कबूल केले की मुले गडबडतात. वर्ग एकदम शांत झाला. मी फळ्यावर घोळके मांडले, दोनाचा, चाराचा, आठाचा, आठ आण्यांचा हिशेब दाखवला, आणि म्हणालो, “हिची बेरीज बरोबर होती. मी तिला खाली बसवले ते चुकले.”

ती मुलगी उभी राहिली. मला वाटले, आता रडते की काय. तिने वही काढली.

“सर, मी घरी पुन्हा केली. एकतिसाव्या पदाला चारच्या पुढे गेली.”

म्हणजे माझ्या सांगण्यावर तिचा विश्वास बसलाच नव्हता! मास्तरकीत माझा इतका आनंददायक पराभव दुसरा झालेला नाही. ती अजून उभीच होती.

“सर, आणि एक अधिक, एक वजा असं केलं तर? म्हणजे एकातून अर्धा वजा, मग तिसरा हिस्सा मिळवायचा, चौथा वजा...”

“मला ठाऊक नाही,” मी म्हणालो. हे वाक्य दुसऱ्यांदा म्हणताना तितके जड गेले नाही. “विचारून सांगतो.”

आबांनी सांगितले ते असे. तीच पदे, तेच आकडे. नुसते मिळवत गेले तर बेरीज कुठल्या कुठे जाते. पण एकदा मिळवले, एकदा वजा केले, आणि प्रत्येक पद मागच्याहून लहान होत शून्याकडे गेले, तर बेरीज हेलकावे घेत घेत एका ठिकाणी येऊन स्थिरावते, ०.६९३च्या आसपास. “देवघेव चालू असली की ठिकाण सापडतं,” असे म्हणून ते आपल्या अडकित्त्याकडे वळले. त्यांना याहून अधिक काही म्हणायचे होते असे मला वाटत नाही. गणिताच्या मास्तराने सरळ बोलावे आणि कादंबरीकाराने त्यात अर्थ शोधावेत, हे ठरलेलेच.

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी मी वाट पाहिली नाही. घरातले मोठे पितळी ताट काढले. त्यावर चकल्या, शंकरपाळे, अनारसे, लाडू रचले. भिंतीवरून दिले नाही. रस्त्याने वळसा घालून दादांच्या पुढल्या दाराने गेलो. दादा ओसरीवर पणत्यांच्या वाती वळत बसले होते. त्यांनी वर पाहिले. मी ताट खाली ठेवले. काय बोलावे ते दोघांनाही सुचले नाही. वहिनींनी आतून येऊन ताट उचलले, फराळ काढून घेतला आणि ताट धुऊन माझ्या हातात दिले. मी निघालो.

“अरे, थांब,” दादा वातीवरचे लक्ष न काढता म्हणाले. “आपल्याकडून ताट रिकामं न्यायचं नसतं. बस जरा.”